कॉस्मास अंकलचा सातवा सामना

डिफेन्स किती पक्का होता ते स्कोअर सांगत नाही, मॅच संपल्यावर गोलकीपरची पँट सांगते, असं कॉस्मास अंकलचं म्हणणं होतं.

"गुडघ्यावर मळलीय? म्हणजे गोली वाकला. मागं मळलीय? म्हणजे पडला. छातीपर्यंत मातीत माखलाय? मग त्याच्या पुढचे चौघं काय फुलं विकत होते?"

माती या विषयात त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे. मस्कतच्या रुवीतल्या एका हॉटेलात ते लाँड्री सुपरवायझर होते. चादरीवरचा डाग बघून माणूस चहा पीत झोपला होता की रडत, हे आपल्याला कळतं असा त्यांचा दावा होता. दार्सैतच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहायचे, आम्ही वर. त्यांची फ्लाविया माझ्या वर्गात. त्यामुळे शुक्रवारचा नाश्ता मी बहुतेक त्यांच्याच टेबलावर करायची, आणि नाश्त्याबरोबर मुंबईच्या आंतरकॉलेज फुटबॉलचा इतिहासही.

"चौऱ्याहत्तरची चॅम्पियन टीम घे," अंकल पाव मोडत म्हणायचे. "सात मॅच, पाच गोल खाल्ले. लोक नावं ठेवतात. पण समोर कोण होते? एकेक फॉरवर्ड असा की त्याला अडवायला पोलीस लागावेत. आता शहात्तरची घे. तीनच गोल खाल्ले. वा. पण दोन मॅचला समोरचे आलेच नाहीत. जो आलाच नाही त्याला अडवला, ह्याला डिफेन्स म्हणायचं?"

"अंडं खा आधी," फ्लावियाची मम्मी, हेलन आंटी म्हणायच्या.

"आणि मग अठ्ठ्याहत्तर. वांद्र्याचं आमचं कॉलेज. उजवीकडे पास्कोल, डावीकडे इनास, मधे बस्त्याव आणि मी. सहा मॅच. आणि गोल किती खाल्ले?"

"झीरो, पप्पा," फ्लाविया मान वर न करता म्हणायची.

"गोलीची पँट?"

"व्हाईट."

"पांढरी. सहाव्या मॅचनंतर तशीच घडी करून ठेवली त्यानं. धुवायची काय, बोलला."

मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. बोटांवर मोजत होते. "अंकल, चौऱ्याहत्तरवाल्यांनी सात मॅच खेळल्या ना? मग तुमच्या सहाच कशा?"

फ्लावियानं मला टेबलाखालून लाथ मारली. हेलन आंटी चहाचं भांडं घेऊन आत गेल्या. अंकल हातातल्या पावाकडे बघत म्हणाले, "सातवी फायनल होती. तिला मी नव्हतो."

ती गोष्ट मला पुढं तुकड्यातुकड्यानं कळली, जास्त हेलन आंटींकडून. त्या सांगताना प्रत्येकाचा आवाज काढायच्या.

अंकलचे वडील वसईला केळीची वाडी करायचे. मामा मस्कतच्या हॉटेलात वेटर होते. मामांनी भाच्यासाठी शब्द टाकला होता, पण त्याला दोन वर्षं झाली होती आणि सगळे विसरले होते. सेमीफायनल झाली मंगळवारी. बुधवारी मस्कतहून व्हिसाची एन.ओ.सी. आली. तिकीट शनिवारचं. फायनल रविवारी.

अंकल फोर्टातल्या एजंटकडे गेले. "दोन दिवस पुढं करा. सोमवारी जातो."

"कशाला? लग्न आहे?"

"मॅच आहे."

एजंटानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाबा रे, तुझ्या मागं चाळीस जण उभे आहेत. तिकडचा अर्बाब, मालक, काय तुझ्या मॅचसाठी हॉटेल बंद ठेवणार? शनिवार नको तर सांग, नाव कापतो."

वडील म्हणाले, "बॉल तिकडेही मिळेल." आईनं बॅगेत लोणचं भरलं. शनिवारी कॉस्मास अंकल विमानात बसले. वय वर्षं वीस. बूट आणि शिनगार्ड बॅगेत होते, कारण घरी ठेवले तर धाकटा भाऊ वापरेल अशी त्यांना भीती होती.

फायनलचा निकाल त्यांना तीन आठवड्यांनी पत्रातून कळला. इनासनं लिहिलं होतं. जिंकलो, तीन-दोन. शील्ड आणली. तुझ्या जागी सायमनला घेतलं. तिकडे थंडी असते का? सोबत एक फोटो. शील्ड मधे धरलेली, भोवती अकरा जण. बस्त्यावच्या शेजारी उंच, हसरा, फर्स्ट इयरचा सायमन.

एवढंच. अंकलनी पत्र किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. त्यांना हवं होतं ते वाक्य त्यात नव्हतं, आणि ते कुठलं वाक्य हेही त्यांना सांगता आलं नसतं.

तेव्हापासून त्यांनी तुलना सुरू केली. लोकांना वाटायचं, जुन्या चॅम्पियन टीम्सची. खरी तुलना दोनच टीम्सची होती. अठ्ठ्याहत्तरची कॉस्मास असलेली आणि अठ्ठ्याहत्तरची कॉस्मास नसलेली. पहिलीनं सहा मॅचमध्ये शून्य गोल खाल्ले. दुसरीनं एका मॅचमध्ये दोन. मग कुठली टीम भारी? पण शील्ड दुसरीच्या हातात होती.

मस्कतला त्यांनी फुटबॉल सोडला नाही. शुक्रवारी सकाळी सातचा मिस्सा, दुपारी जुम्मा, आणि या दोहोंच्या मधे दार्सैतच्या मागच्या वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, मॅच. वसईचे कॅथलिक मिस्सा आटोपून यायचे, रत्नागिरी-रायगडचे मुसलमान जुम्म्याआधी अंघोळीला पळायचे. पावसाचं पाणी वर्षातून एकदा यायचं आणि जाताना पुन्हा सगळे दगड टाकून जायचं. ते वेचायला दोन शुक्रवार लागायचे. गोलपोस्ट म्हणजे रंगाचे पत्र्याचे डबे. अंकल स्टॉपर, डिफेन्सच्या मधोमध. पंचेचाळिशी आली तरी स्टॉपर.

खेळताना ते ओरडायचे ते ऐकण्यासारखं असायचं. उजवीकडे एक शरीफ नावाचा केरळी इलेक्ट्रिशियन खेळायचा. अंकल त्याला हाक मारायचे, "पास्कोल, मागं ये." शरीफ मागं यायचा. डावीकडे जो असेल तो इनास. एकदा एका नव्या माणसानं शरीफला विचारलं, "भाई, आपका नाम पास्कोल है?"

"नहीं, शरीफ," तो म्हणाला. "लेकिन इस साइड पे खड़ा हूँ तो पास्कोल हूँ."

कुणाला त्याचं काही वाटत नसे. माणसं बदलायची. कुणाचं काँट्रॅक्ट संपायचं, कुणी दुबईला जायचा. पास्कोल आणि इनास तेवढे कायम राहायचे. खरा पास्कोल तेव्हा कुठल्याशा बोटीवर होता, खरा इनास कुवेतमध्ये क्रेन चालवत होता, आणि बस्त्याव वसईतच राहून मोगऱ्याची वाडी करत होता. अंकल दर दोन वर्षांनी सुट्टीवर जायचे. एकदा बस्त्याव भेटायचा, एकदा इनास. चौघं एकत्र एकदाही नाही. "कुणाची रजा कुणाला बसतच नाही," ते म्हणायचे. "आमच्या लाइनमध्ये कधी एवढी फट नव्हती."

मग ब्याण्णवच्या हिवाळ्यात हुसैनमियाँ आले. त्या दिवशी हेलन आंटी डबा घेऊन वादीत गेल्या होत्या; हा प्रवेश त्या उभ्या राहून करून दाखवायच्या.

हुसैनमियाँ हर्णैचे. रुवीत एका ओमानी मालकाच्या कापडदुकानात माल बघायच्या नोकरीवर आले होते. बायको शकीला आणि मुलगा जुनैद गावी. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी अंकलना एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून चकवलं. मॅच संपल्यावर सगळे लबानची पाकिटं पीत दगडांवर बसले. आपल्याकडचं ताकच ते, जरा दाट.

"कुठं खेळायचास?" अंकलनी विचारलं.

"कॉलेजात. भायखळ्याला."

"कुठल्या साली?"

"अठ्ठ्याहत्तरला फायनल खेळलो. वांद्र्याशी हरलो, तीन-दोन. आमचे दोन्ही मी मारले."

इथं हेलन आंटी हातातलं काल्पनिक पाकीट मांडीवर सांडायच्या.

"वांद्र्याचा स्टॉपर मी," अंकल म्हणाले.

हुसैनमियाँनी त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू?"

"मी. म्हणजे फायनलला नव्हतो. त्याआधीच्या सहा मॅच."

"नाव काय तुझं?"

"कॉस्मास."

"त्यावर मियाँनं पाकीट तोंडाला लावलं," आंटी सांगायच्या. "पाकीट संपलं होतं तरी पीत राहिला. मला वाटलं, ह्याला उन्हाचा त्रास होतोय."

त्या दिवसापासून बारा वर्षं दोघांचं एकच भांडण चाललं. जी मॅच अंकलनी बघितली नव्हती ती बघितलेला, नुसता बघितलेला नव्हे, त्यात त्यांच्याच जागेवरून घुसून गोल मारलेला माणूस अल्लानं किंवा सेंट थॉमसनं उचलून त्यांच्यासमोर आणून ठेवला होता. ते सोडणार कसे?

"पहिला गोल परत सांग."

"किती वेळा सांगू? कॉर्नर आला. मी उडी मारली. हेड."

"जवळच्या पोस्टवर कोण होता?"

"कुणीच नव्हता."

"बघ. तिथं मी उभा राहायचो. सहा मॅच. दुसरा?"

"दुसऱ्याला मधून पास आला. तुमचा स्टॉपर पुढं आला होता, मी मागून निघालो. गोली एकटा."

"गोलीची पँट?"

"अरे बाबा, मी गोल मारत होतो, त्याची पँट कुठं बघू?"

"म्हणजे त्या दिवशी डिफेन्स चाळणी होता."

"चाळणी? काय बोलतोस?" हुसैनमियाँ खरोखर चिडायचे. "भिंत होती ती. घाम फुटला आम्हाला. तसा डिफेन्स त्या वर्षी दुसऱ्या कुणाचा नव्हता."

"चाळणी होती."

"भिंत होती. मला विचार, मी धडकलोय."

म्हणजे हरलेला माणूस जिंकलेल्यांच्या डिफेन्सची बाजू घ्यायचा, आणि जिंकलेल्या टीमचा माणूस आपल्याच पोरांना नावं ठेवायचा. शेवटी अंकल तो प्रश्न विचारायचे. दर वेळी जरा वेगळ्या सुरात, सहज आठवल्यासारखा.

"मी असतो तर? अडवले असते ना गोल?"

हुसैनमियाँ बुटाची नाडी सोडायचे, घड्याळ बघायचे, आकाशाकडे बघायचे. "जुम्म्याची वेळ झाली रे. पुढच्या शुक्रवारी बोलू, इन्शाल्ला."

"हो किंवा नाही एवढंच सांग की."

"इन्शाल्ला."

हेलन आंटी एकदा वैतागून म्हणाल्या, "मियाँभाय, सांगून टाका ना एकदाचं हो. तुमचं काय जातंय? माझ्या घरात शांतता होईल."

हुसैनमियाँनी डबा पुढं केला. आंटींच्या हातच्या फुग्यांवर, त्या तळलेल्या गोल पावांवर, त्यांचा फार जीव होता. "भाभी, अजून चार घाला," एवढंच म्हणाले.

दोन हजार तीनमध्ये शील्डला पंचवीस वर्षं झाली. कॉलेजनं त्या टीमचा सत्कार ठरवला. इनास कुवेतहून येणार होता. पास्कोलची बोट नेमकी तेव्हाच मुंबईला लागणार होती. अंकलनी तीन महिने आधी रजा मागितली, ती मिळाली, तिकीट काढलं. दिशदाशा, म्हणजे ओमानी झगे, शिवणाऱ्या शिंप्याकडून त्यांनी सूटसुद्धा शिवून घेतला. त्यानं आयुष्यात सूट शिवला नव्हता. बाह्या झग्यासारख्या झाल्या.

आमंत्रण आलं नाही. आठवडा राहिला तेव्हा अंकलनी बस्त्यावला फोन केला. फ्लाविया आणि मी तिथंच अभ्यासाची पुस्तकं उघडून बसलो होतो. बस्त्यावकाकांचा आवाज वाडीत हाका मारणाऱ्याचा, तो खोलीभर ऐकू यायचा.

"लिस्ट फायनलच्या कागदावरून काढली रे. अकरा नावं."

"सहा मॅच खेळलो मी, बस्त्याव."

"मला सांगतोस? ऑफिसातल्या पोरीला माहीत नाही."

"मग तू सांग तिला."

"सांगितलं. ती बोलली, कागदावर नाव नाही. पण तू ये ना. आमच्याबरोबर बस. कोण काय बोलणार आहे?"

"बसू कुठं? खुर्च्या किती?"

पलीकडे बस्त्यावकाकांनी कुणाला तरी पाणी बंद करायला सांगितलं. "अकरा," मग म्हणाले. "सायमनपण येतोय."

अंकल गेले नाहीत. मंजूर झालेली रजा त्यांनी दार्सैतमध्येच काढली. पंधरा दिवसांत घरातले सगळे पडदे उतरवून धुतले, शेजाऱ्यांचे धुतले, मग आमच्याकडे येऊन म्हणाले, "तुमचेही द्या." आईनं दिले. सत्काराच्या दिवशी सकाळी ते वादीत जाऊन उभे राहिले. एकटेच. वार मंगळवार होता, खेळायला कुणी नव्हतं. फ्लावियानं गच्चीवरून मला दाखवलं. "पप्पा तिकडे काय करतात?" तिनं विचारलं. गोलचे डबे त्या दिवशी लावलेले नव्हते. तरी स्टॉपरनं जिथं उभं राहायचं तिथं ते उभे होते आणि कधी उजवीकडे, कधी डावीकडे बघत होते.

त्यानंतर नाश्त्याच्या टेबलावर चौऱ्याहत्तर, शहात्तर काही निघेना. शून्य हा शब्द घरातून गेला. ज्याची आम्ही इतकी वर्षं टिंगल केली ते गेल्यावर घर कसं सुनं होतं ते मला तेव्हा कळलं. शुक्रवारी ते खेळायचे, पण शरीफला शरीफ म्हणायचे. शरीफ बिचारा दोनदा जागचा हललाच नाही.

हुसैनमियाँनाही त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं. आता हुसैनमियाँच बेचैन. "काय रे, आज विचारत नाहीस?"

"काय विचारायचं? खलास. कागदावर नाही ते नाही."

पुढच्या वर्षी हुसैनमियाँच्या मालकाच्या मुलानं दुकान स्वतः बघायचं ठरवलं. मालक चांगला माणूस. त्यानं महिनाभर आधी सांगितलं, जाताना शालू दिला शकीलाभाभींसाठी. शुक्रवारी संध्याकाळचं विमान. मी तेव्हा पुण्याला शिकत होते, सुट्टीला आले होते. सकाळी मिस्सा झाल्यावर हेलन आंटींनी फुग्यांचा डबा फ्लावियाच्या हातात दिला.

"पप्पांना ने."

"मी नाही येत," अंकल म्हणाले. "काल भेटलो त्याला."

"काल तुम्ही त्याच्या पेट्यांना दोरी बांधलीत. भेटला नाहीत."

फ्लावियानं गाडी काढली. अंकल मागं बसले, डबा मांडीवर.

रुवीच्या खोलीत चार कॉट होत्या. बाकीचे तिघं कुठं कुठं गेले होते. दोरी बांधलेल्या पेट्यांवर काळ्या रंगात लिहिलं होतं, हुसैनमियाँ, हर्णै, ता. दापोली. हुसैनमियाँ जुम्म्यासाठी धुतलेला पांढरा झब्बा घालून बसले होते. त्यांनी डबा उघडला, एक फुगी खाल्ली, हात पुसला.

"कॉस्मास, एक विचारू?"

"विचारायचं काम माझं."

"तू सोडलंस ना. म्हणून." ते फ्लावियाकडे आणि माझ्याकडे बघून जरा संकोचले, मग बोलू लागले. "हर्णैला मला काय म्हणतात माहीत आहे?"

"काय?"

"दोन गोलवाला. बंदरावर कुणालाही विचार. कॉस्मासला दोन गोल घातले तो हुसैन."

अंकलनी मान वर केली. "कुठल्या कॉस्मासला?"

"वांद्र्याच्या. तुला."

फ्लाविया माझ्याकडे बघायला लागली.

"फायनलच्या आधी आमच्याकडे नुसतं तुझं नाव," हुसैनमियाँ म्हणाले. "आमचे सर बोलायचे, तो कॉस्मास आहे तोवर मधून जाऊ नका. सहा मॅच कुणी गोल घातला नाही त्याला. मी तुला बघितला कुठं होता? मॅच सुरू झाली. मधे एक उंच पोरगा. आणि तुमचे ते तिघं सारखे त्याच्यावर ओरडतायत. कॉस्मास, डावीकडे. कॉस्मास, मागं. कॉस्मास, सोड त्याला. मी बोललो, हाच तो."

"सायमनला?"

"मला काय माहीत सायमन. पूर्ण मॅच ते तुझंच नाव घेत होते."

अंकलनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. लाँड्रीतल्या वाफेनं ते हात कायम गुलाबी असत. "पास्कोलपण?" त्यांनी हळू विचारलं.

"नावं कुठून कळणार? उजवीकडचा सगळ्यात जास्त."

"तोच. त्याचा घसा मोठा. आणि डावीकडचा?"

"तोपण."

"इनास तर कधी ओरडायचाच नाही."

"त्या दिवशी ओरडत होता."

"बस्त्याव?"

"तिसरा तोच असेल ना? हाफटाइमनंतर घसा बसला होता त्याचा. तरी, कॉस्मास, कॉस्मास."

अंकल खिडकीकडे बघत राहिले. बाहेर टॅक्सीवाले गिऱ्हाईक शोधत हॉर्न देत होते. ते म्हणाले, "बारा वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस."

"कसं सांगू? त्या दिवशी वादीत तू नाव सांगितलंस आणि माझे दोन गोल पाण्यात गेले. चौदा वर्षं ज्याला गोल घातले म्हणून मिरवलो तो समोर बसून लबान पितोय, आणि बोलतोय मी नव्हतोच. मग तू विचारायला लागलास, मी असतो तर? हो बोललो असतो तर माझं काय राहिलं? नाही बोललो असतो तर तुझं काय राहिलं?"

"म्हणून इन्शाल्ला."

"म्हणून इन्शाल्ला."

दोघांनाही किंचित हसू आलं, ते लगेच गेलं.

"आता मी कायमचा चाललो," हुसैनमियाँ म्हणाले. "बंदरावर बसणार. जुनैदची पोरं आहेत, ती विचारतील. तुला ओळखत नव्हतो तोवर मी खोटं बोलत नव्हतो, समजुतीनं बोलत होतो. आता बोललो तर खोटं होईल. तू म्हणशील तसं. तू फायनलला होतास असं सांगू?"

"मी शनिवारी गेलो, मियाँ. तू मला विमानातून उतरवणार?"

"मी कोण उतरवणारा? तुझ्या त्या तिघांनी उतरवलं. त्यांनी तुला जाऊच दिलं नाही."

अंकल उठले. दोन कॉटच्या मधल्या जागेत चार पावलं गेले आणि परत आले. "म्हणजे माझ्यावर दोन गोल."

"होय."

"शून्य गेला."

"गेला. पण फायनल खेळलास. शील्ड घेतलीस. मी हरलो तुझ्याकडून. हरलेला माणूस साक्ष देतोय, अजून कसला कागद पाहिजे?"

"आणि सायमन? त्याचं काय?"

"त्याच्याकडे फोटो आहे, सत्कार आहे, खुर्ची आहे. हर्णैच्या बंदरावर त्याचं काय काम? उलट दोन गोल त्याच्या डोक्यावरून उतरतील."

फ्लावियाला राहवलं नाही. "पप्पा, से येस ना. म्हणजे, हो म्हणा. पण मग झीरो नाही राहणार. तुम्हाला चालेल?"

अंकलनी तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षं ते तिला आणि तिच्या भावाला, लॉईडला, आम्हा सगळ्यांना तो शून्य भरवत आले होते. तो शून्य त्यांनी मस्कतला येताना बुटांबरोबर आणला होता, आणि त्याला एकही डाग लागू दिला नव्हता. ते कॉटच्या कडेवर बसले. डब्यातली एक फुगी घेतली, पण खाल्ली नाही.

"कॉर्नरवाला," ते म्हणाले, "तो माझा. जवळच्या पोस्टवर मी पाहिजे होतो. नव्हतो. तो माझ्या नावावर टाक."

हुसैनमियाँनी छातीवर हात ठेवला.

"दुसरा नाही."

"म्हणजे?"

"दुसरा माझा नाही. त्याला पास्कोल लाइन सोडून पुढं गेला होता."

"स्टॉपर पुढं आला होता रे. मी बघितलं, माझ्या समोरून गेला."

"पास्कोल गेला म्हणून त्याची जागा भरायला गेलो. तू मागून निघालास तेव्हा मी ओरडलो त्याला, मागं ये म्हणून."

"ओरडला होतास?"

"मग काय. दोनदा."

"मला नाही ऐकू आलं."

"तुला कसं येईल? तू पळत होतास," कॉस्मास अंकल म्हणाले. "पास्कोललाच ऐकू आलं नाही. त्या दिवशी वारं उलटं होतं."